गेटबाहेर थांबलेला ड्रायव्हर: बडोद्यातल्या कारखान्यांसाठी सोयींची मांडणी, मापं आणि देखभाल

बऱ्याच कारखान्यांत ‘ड्रायव्हर रेस्ट रूम’ असते आणि ती रिकामी असते. आत मोडक्या खुर्च्या, जुने पुठ्ठे, कोपऱ्यात बंद पडलेला कूलर. त्याच वेळी गेटबाहेर पंधरा गाड्यांचे ड्रायव्हर केबिनमध्ये घाम पुसत बसलेले असतात. साहेब म्हणतात, ‘सोय केली आहे, पण हे लोक वापरतच नाहीत.’ न वापरण्याची कारणं साधी आहेत. नंबर कधी लागेल याचा पत्ता नसतो. गाडी सोडून गेलं तर डिझेल किंवा बॅटरी जाईल अशी धास्ती असते. आणि खोली इतकी आत असते की गेटवरची हाक तिथे पोचत नाही. म्हणून बांधकामाचा विचार नंतर करा. आधी नंबर, मग पार्किंग, मग संडास आणि पाणी, मग झोप आणि जेवण. हा क्रम उलटा केला की पैसे खर्च होतात आणि ड्रायव्हर केबिनमध्येच राहतो.

जबाबदारी कोणाची, हा वाद नेहमी निघतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती हे सगळं ठरवून दिलं, पण ते बंधन गाडीमालकावर, म्हणजे ड्रायव्हरला पगार देणाऱ्यावर. १९४८ च्या कारखाना कायद्यातलं संडास, पिण्याचं पाणी, विश्रांतीची खोली हे कारखान्याच्या स्वतःच्या कामगारांसाठी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हे दोन्ही जुने कायदे त्यांत सामावले गेले. तरी माल घेऊन आलेला परका ड्रायव्हर दोन्हींच्या मधल्या फटीत राहतो: गाडीमालक हजार किलोमीटरवर, आणि कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचं नाव नाही. प्रत्यक्षात मात्र तो तुमच्या दारात, तुमच्या मालासाठी, तुमच्या सोयीने थांबलेला असतो. त्यामुळे ही सोय माल उतरवून घेणाऱ्यानेच करायची, असं धरून पुढे जाऊ.

आधी दोन आठवडे मोजा

गेटवर एक वही ठेवा आणि प्रत्येक गाडीच्या सहा वेळा लिहा: गेटवर पोचली, टोकन दिलं, वजनकाट्यावर गेली, डॉकला (माल उतरवायच्या धक्क्याला) लागली, रिकामी झाली, बिल्टीवर (मालाच्या वाहतूक पावतीवर) सही-शिक्का घेऊन बाहेर पडली. दोन आठवडे पुरतात, फक्त त्यात एक महिनाअखेर यायला हवी, कारण तेव्हाच गर्दी खरी दिसते. वही वॉचमनकडे द्या, पण रोज संध्याकाळी स्टोअरच्या माणसाने ती सीसीटीव्हीच्या वेळेशी ताडून पाहावी. नाहीतर सगळ्या नोंदी पाच-पाच मिनिटांच्या गोल आकड्यांत आणि एकाच पेनाने, एकाच वेळी लिहिलेल्या सापडतील.

आता हिशेब. दिवसाला ४० गाड्या येतात आणि गाडी सरासरी ६ तास थांबते असं धरू. ४० गुणिले ६ म्हणजे २४० गाडी-तास, भागिले २४, म्हणजे कोणत्याही क्षणी सरासरी १० गाड्या उभ्या. पण गाड्या सरासरीने येत नाहीत. रात्री गाडी पळवून पहाटे गेटला लावायची हा धंद्याचा रिवाज आहे, त्यामुळे पहाटे पाच ते नऊ या वेळात आकडा दुप्पट होतो. म्हणजे २० गाड्यांची तयारी हवी. लांब पल्ल्याच्या गाडीत दोन ड्रायव्हर किंवा एक क्लिनर असतो, जवळच्या गाडीत एकटा ड्रायव्हर, म्हणून गाडीमागे दीड माणूस धरा. एकावेळी ३० माणसं, दिवसभरात ६० माणसं. या लेखातली पुढची सगळी मापं याच दोन आकड्यांवर काढली आहेत. तुमचे आकडे वेगळे असतील तर त्या प्रमाणात कमी-जास्त करा.

वहीतून आणखी एक गोष्ट हमखास बाहेर येते. माल उतरायला लागणारा वेळ एकूण थांब्यात फार थोडा असतो. बाकीचा वेळ काटा, सॅम्पल लॅबमधून पास होणं, हमालांची जेवणाची सुट्टी आणि सही करणारा माणूस जागेवर नसणं यांत जातो. गाडी रिकामी झाल्यावर केवळ शिक्क्यासाठी दोन तास उभी असेल, तर तिथे आधी शिक्का मारणारा दुसरा माणूस नेमा. खाटा त्यानंतर. थांबणं कमी करणं ही सगळ्यात स्वस्त सोय आहे, आणि गाडी थांबवल्याबद्दल येणारं हॉल्टिंगचं बिलही त्याबरोबर उतरतं.

टोकन असं द्या

गाडी गेटवर आली की पाच मिनिटांत छापील अनुक्रमांकाचं टोकन हातात पडलं पाहिजे. वर कार्बनची प्रत, म्हणजे एक ड्रायव्हरकडे आणि एक पुस्तकात. टोकनावर एवढं लिहा: वेळ, गाडी नंबर, बिल्टी नंबर, ड्रायव्हरचा मोबाइल, कोणत्या डॉकला जायचं, अंदाजे किती वाजता, आणि खाट दिली असेल तर खाट क्रमांक. हा शेवटचा तपशील क्षुल्लक वाटतो, पण रात्री दोन वाजता नंबर लागल्यावर वॉचमनला दहा झोपलेल्या माणसांतून नेमका कोण उठवायचा ते कळतं, आणि बाकीच्या नऊ जणांची झोप मोडत नाही.

गेटबाहेर, पार्किंगमधून दिसेल असा एक आकड्यांचा बोर्ड लावा: ‘आता चालू’ आणि ‘पुढचे पाच’. लाल आकड्यांचा साधा डिजिटल बोर्ड चालतो. तो बंद पडेल तेव्हासाठी खडू-फळा तयार ठेवा. जोडीला स्पीकर, हिंदी आणि गुजरातीत. एक स्पीकर विश्रांतीच्या खोलीत आणि एक संडासाजवळ हवाच, कारण नंबर हुकण्याची भीती सगळ्यात जास्त तिथेच असते.

नंबर पुकारल्यावर १५ मिनिटांची मुभा द्या. नाही आला तर त्याला रांगेत दोन गाड्या मागे टाका, शेवटी नाही. ‘हुकला की शेवटी’ हा नियम एकदा लागू केला की कुणीही केबिन सोडत नाही, आणि तुमची खोली पुन्हा रिकामी पडते.

चहापाण्याचे पैसे घेऊन नंबर पुढे सरकवणं हा रोग सगळीकडे आहे. त्यावर भाषण करून उपयोग नाही. आठवड्यातून एकदा टोकनच्या पुस्तकातला क्रम आणि डॉकच्या वहीतला क्रम शेजारी ठेवून पाहा. जिथे क्रम बदलला तिथे कारण लिहिलेलं असलंच पाहिजे: तातडीचा माल, सॅम्पल नापास, क्रेन बंद. कारण नसेल तर त्या पाळीच्या माणसाला विचारा.

वेळ ठरवून गाड्या बोलावत असाल तर दोन-दोन तासांचे टप्पे द्या, मिनिटावर वेळ देऊ नका. बडोद्याच्या रस्त्यांवर ते पाळता येत नाही. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर जांबुवा आणि पोरच्या अरुंद पुलांपाशी गाड्या तासन्‌तास अडकतात. ९ जुलै २०२५ ला पादरा तालुक्यातून आणंद जिल्ह्यात जाणारा गंभीरा पूल कोसळला, तेव्हा त्या बाजूने ये-जा करणाऱ्या गाड्यांना लांबचा फेरा पडला. रस्त्यात अडकलेल्या गाडीला ‘तुमची वेळ गेली’ म्हणून दुसऱ्या दिवसावर ढकलणारा गेट ड्रायव्हरला फुकट शिक्षा करतो.

टोकन देताना ई-वे बिलाची, म्हणजे जीएसटीखालच्या माल-वाहतुकीच्या ऑनलाइन कागदाची, मुदतही बघा आणि टोकनावर लिहा. दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मुदत मिळते आणि ती मध्यरात्री संपते. वाढवून घ्यायची तर संपण्याच्या आधीच्या ८ किंवा नंतरच्या ८ तासांतच वाढते. शनिवारी संध्याकाळी आलेली गाडी सोमवारी उतरवणार असाल तर गेटवरूनच वाहतूकदाराला फोन जाऊ द्या. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर उभी असताना तपासणी झाली की भोग ड्रायव्हरच्या वाट्याला येतो.

पार्किंग: डिझेलची चिंता मिटली की झोप लागते

जागेचा अंदाज असा: ट्रेलरसाठी ४ मीटर रुंद आणि १८ मीटर लांब खण, दहा-बारा चाकी गाडीला १२ मीटर लांबी पुरते. वळायची जागा धरून गाडीमागे साधारण १५० चौरस मीटर लागतात, म्हणजे २० गाड्यांना ३,००० चौरस मीटर. खण तिरपे आखा. सरळ आखलेल्या खणात ट्रेलर लावायला क्लिनरला खाली उतरून मागे उभं राहावं लागतं, आणि रात्री अशाच वेळी माणूस दोन गाड्यांमध्ये चिरडतो.

बडोद्याच्या आसपास बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. तिच्यावर नुसता मुरूम पसरला तर पहिल्या पावसात तो गिळला जातो आणि भरलेली गाडी चाकांच्या आसापर्यंत रुतते. काळी माती निदान ४५० ते ६०० मिलिमीटर उकरून काढा, दगड-मुरमाचे थर द्या, प्रत्येक थरावर रोलर फिरवा, आणि ६० ला १ उतार ठेवून पाणी बाहेर काढा. इंजिनाच्या गाडीपासून सोडवून ठेवलेल्या ट्रेलरचे पाय डांबरात घुसतात, त्या खणांत पायाखाली काँक्रीटचा चौथरा टाका. पार्किंग कांसाच्या, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्याच्या, काठी करू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरभर कसं फिरलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. दुसरी जागाच नसेल तर पाणी चढू लागल्यावर गाड्या कुठे हलवायच्या ते आधीच ठरवून गेटवर लावून ठेवा.

उजेड दोन्ही बाजूंनी यायला हवा. एकाच बाजूला उंच खांब असला की दोन गाड्यांमधली फट काळोखी राहते, आणि डिझेलची टाकी नेमकी तिथेच असते. दोन ओळींच्या मधून सरळ दिसेल असा कॅमेरा, आणि रात्री दोन तासांनी एक फेरी. फेरीची वेळ फळ्यावर लिहा. ड्रायव्हरला ती दिसली पाहिजे, कारण गाडी सोडून जाण्याचा निर्णय त्याला घ्यायचा असतो.

संडास आणि आंघोळ

कारखान्यांच्या नियमांत पहिल्या शंभरांपर्यंत पंचवीस पुरुषांमागे एक संडास असं माप आहे. ते पाळीभर पसरलेल्या वापरासाठी ठीक. ड्रायव्हरांची गर्दी पहाटे पाच ते आठ या तीन तासांत होते. ३० माणसं, प्रत्येकी १० मिनिटं, म्हणजे ३०० मिनिटं. तीन संडास असतील तर पावणेदोन तासांच्या आत सगळे मोकळे होतात. तेव्हा पुरुषांसाठी ३ भारतीय पद्धतीचे संडास, ३ मुताऱ्या, आंघोळीला ४ उघडे नळ आणि २ बंद न्हाण्या. शिवाय एक स्वतंत्र संडास-न्हाणी बायकांसाठी, वेगळ्या बाजूने दार असलेली, आतून भक्कम कडी लागणारी. ‘इथे बायका येतच नाहीत’ हे खरं नाही. गाडीवर कधी बायको-मुलं असतात, आणि चालवणाऱ्या बायकाही आता दिसू लागल्या आहेत. या संडासाची किल्ली वॉचमनकडे ठेवू नका, कारण मग तो कुणीच वापरत नाही.

आतली जागा ९०० गुणिले १,२०० मिलिमीटरपेक्षा कमी नको. फ्लशच्या टाक्या टाळा. बडोद्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने त्यांचे व्हॉल्व्ह बसतात आणि चार महिन्यांत सगळ्या गळू लागतात. जमिनीपासून ३०० मिलिमीटरवर दाबून सुटणारा नळ, खाली साखळीने बांधलेली बादली आणि डबा. पितळी नळ चोरीला जातो, साधा प्लास्टिकचा तुटतो. दाबाचा नळ महाग पडतो पण टिकतो. आत दोन हुक हवेत, एक कपड्याला, एक टॉवेलला. मोबाइल ठेवायला छोटी फळीही द्या, नाहीतर मोबाइल खिशातून सरळ भांड्यात जातो.

पाइप तुंबण्याचं इथलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे तंबाखू-सुपारीच्या माव्याच्या प्लास्टिकच्या चकत्या आणि त्यांचे रबर. त्याखालोखाल शाम्पूच्या पुड्या आणि दाढीची पाती. बोर्ड लावून हे थांबत नाही. संडासाच्या दाराबाहेर, आत जाण्याआधी हात जाईल अशा उंचीवर कचऱ्याचा डबा आणि शेजारी वाळूची पिकदाणी ठेवा, आणि न्हाणीत पात्यांसाठी झाकणाला चीर पाडलेला पत्र्याचा डबा. पाइप ११० मिलिमीटरचा, आणि प्रत्येक वळणावर उघडता येणारी चेंबर. चेंबर फरशीखाली गाडून टाकणारा मिस्त्री भेटला तर त्याला तिथेच थांबवा; तुंबल्यावर तुम्हाला सगळी फरशी फोडावी लागेल.

उघड्या आंघोळीसाठी खरबरीत कोटा फरशीचा ओटा, ५० ला १ उतार, नळ १,१०० मिलिमीटर उंचीवर, समोर पुरुषभर उंचीची भिंत. गुळगुळीत कोट्यावर साबणाचं पाणी पडलं की पाय घसरतोच. कपडे धुवायला एक तिरका दगड आणि वाळत घालायला पार्किंगमधून दिसेल अशी दोरी. नजरेआड दोरी बांधली तर कपडे पुन्हा गाडीच्या आरशावरच वाळतात. आंघोळीचं पाणी सेप्टिक टाकीत सोडू नका. साबण, तेल आणि हाताचं ग्रीस यांनी टाकीतलं काम थांबतं. ते पाणी आधी गाळणीच्या कुंडीतून जाऊ द्या, मग जीआयडीसीच्या (गुजरातच्या औद्योगिक वसाहतींच्या महामंडळाच्या) ड्रेनेजला किंवा शोषखड्ड्यात.

न्हाण्या असलेल्या कारखान्यासाठी माणशी दिवसाला ४५ लिटर पाणी धरायची पद्धत आहे. ६० माणसांना २,७०० लिटर, धुण्या-पुसण्याला ५००. ५,००० लिटरची टाकी दीड दिवस काढते. टाकीला तरंगता गोळा लावा, आणि पंप बंद पडल्याचं कळावं म्हणून टाकीची पातळी दाखवणारी काटी वॉचमनच्या नजरेसमोर असू द्या.

पिण्याचं पाणी आणि उन्हाळा

माणशी ५ लिटर, म्हणजे दिवसाला ३०० लिटर. मे महिन्यात दुप्पट धरा. पाण्याची जागा संडास, मुतारी आणि उघड्या गटारापासून निदान ६ मीटर लांब. जुन्या कारखाना कायद्यातलं हे अंतर आजही अगदी शहाणपणाचं आहे. आरओ बसवण्याआधी पाणी तपासून घ्या. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर आरओची गरज नाही, साधा फिल्टर आणि क्लोरीन पुरे. आरओने फुकट पाणी वाया जातं. दुसरा कोणताच स्रोत नसेल तर भारतीय मानक २,००० पर्यंत सूट देतं, पण ते पाणी खारट लागतं आणि ड्रायव्हर बाहेरून बाटली विकत घेतो. नळाच्या तोंडाशी मोकळा क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरायला हवा. आठवड्यातून एकदा थेंबांच्या किटने तपासा. टाकी तीन महिन्यांनी धुवा, तारीख टाकीवरच रंगाने लिहा.

वॉटर कूलरला दोन उंचीचे नळ द्या. ड्रायव्हर ग्लासभर पाणी पिऊन निघत नाही. त्याला पाच किंवा वीस लिटरचा कॅन भरायचा असतो. जमिनीपासून ६०० मिलिमीटरवर एक नळ, खाली लोखंडी जाळीचं स्टँड, त्याखाली गटार. हा नळ नसला की कॅन तिरका धरून वरच्याच नळाखाली भरतात, निम्मं पाणी बाहेर सांडतं, चिखल होतो आणि आठ दिवसांत कूलरसमोर डास. कूलरला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) हवाच हवा. ओल्या पायाने कूलरला हात लावून शॉक लागणं दुर्मीळ नाही. दर महिन्याला चाचणीचं बटण दाबून पाहा.

२०२५ पासून नव्या मध्यम आणि जड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे, म्हणून सावलीची गरज संपली असं समजू नका. उभ्या गाडीत एसी चालवायचा तर इंजिन सुरू ठेवावं लागतं आणि ते डिझेल पुष्कळदा ड्रायव्हरच्या हिशेबातून कापलं जातं. आणि जुन्या गाड्या अजून बरीच वर्षं धावणार आहेत. विश्रांतीच्या जागेवर पत्रा घालायचा तर किमान ४ मीटर उंच, वर पांढरा रंग, आढ्याला हवेची फट. पत्र्याखाली नुसते छताचे पंखे लावले तर ते वरची तापलेली हवाच खाली ढकलतात. भिंतीवरचे पंखे बरे. जमेल तिथे कडुनिंब लावा. पाच वर्षांनी तोच सगळ्यात जास्त वापरला जाईल.

४२-४३ अंशांत उष्माघाताची खूण अशी: अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, चाल लटपटती. घाम येत असला तरी फसू नका. माणसाला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून पंख्याखाली ठेवा आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. नुसता थकवा असेल तर ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात. ग्लासात अर्धं पाकीट घोळून देण्याची सवय मोडा.

झोप

तीन माणसांमागे एक खाट धरली की पुरते, म्हणजे १०. कापसाची गादी नको, महिन्याभरात ढेकूण होतात. लोखंडी चौकट, नायलॉनची नवार, वर रेक्झिनचं ५० मिलिमीटरचं पातळ गादीपट, रोज ओल्या फडक्याने पुसायचं. चौकटीचे सांधे वेल्डिंगने पूर्ण भरून घ्या. नळीच्या फटीत ढेकूण राहतात. खिडक्यांना जाळी, आणि एअर कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून टाकायचं, कारण डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी चार्जिंगची जागा. मोबाइल लांबच्या बोर्डाला लावायचा असेल तर माणूस त्याच्या शेजारीच उकिडवा बसून राहतो, झोपत नाही. ही खोली पार्किंगला लागून असावी. मधे मुख्य गेट आणि तपासणी नको.

जेवण, आणि चुलीचा प्रश्न

कँटीनमध्ये कामगारांच्याच दरात कूपन द्या आणि टोकन दाखवून ते मिळू द्या. अडचण रात्री येते: कँटीन नऊला बंद, गाड्या दहाला येतात. रात्रपाळीला चहा, बिस्किट आणि काहीतरी गरम एवढं तरी असावं. सकाळी गेटबाहेर सेव-उसळीची गाडी उभी राहत असेल तर तिला हाकलू नका, जागा आणि कचऱ्याचा डबा द्या.

पण कितीही चांगलं कँटीन असलं तरी बरेच ड्रायव्हर स्वतः शिजवतात. उत्तरेकडच्याला त्याची रोटी हवी, तमिळनाडूच्या गाडीवाल्याला भात. पैसेही वाचतात. गाडीत छोटी गॅसची टाकी असतेच, आणि जागा दिली नाही तर ती दोन गाड्यांच्या मधे, डिझेलच्या टाकीशेजारी पेटते. म्हणून मनाई करण्यापेक्षा जागा द्या: गाड्यांपासून लांब, तिन्ही बाजूंनी वाऱ्याला आडोसा, वर छप्पर, ३०० मिलिमीटर उंचीचा बुटका ओटा, कारण शिजवणं बसूनच होतं. शेजारी भांडी घासायचा नळ, वाळूच्या चार बादल्या आणि एक पावडरचा अग्निशामक.

नंदेसरीसारख्या रसायनांच्या पट्ट्यात किंवा कोयली रिफायनरीच्या बाजूला ही जागा कुठे करायची ते तुमच्या अग्निसुरक्षा अधिकाऱ्याने नकाशावर आखून द्यायचं, अंदाजाने नाही. घातक मालाचे टँकर वेगळे उभे करा, चुलीच्या आणि खाटांच्या वाऱ्याच्या खालच्या बाजूला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९ प्रमाणे असा माल नेणाऱ्या ड्रायव्हरला वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. गेटवर त्याची नोंद पाहा, आणि आणीबाणीचं माहितीपत्रक केबिनमध्ये हाताशी आहे ना तेही. टँकरचा व्हॉल्व्ह किंवा नळी आंघोळीच्या ओट्यावर धुतली जाणार नाही याकडे लक्ष ठेवा.

गेटच्या आत

ड्रायव्हर चपलेवर आला म्हणून त्याला परत पाठवणं हा रोजचा तमाशा आहे. गेटवर दहा हेल्मेट आणि ७ ते १० नंबरचे सेफ्टी बूट ठेवा, पातळ मोजे वापरून टाकायचे. डॉकला गाडी लागली की किल्ली जमा, चाकाखाली ठोकळे, आणि ड्रायव्हर पिवळ्या पट्ट्यांनी आखलेल्या जागेत, सावलीत, बाकावर. ताडपत्री सोडताना मालावर चढून माणूस पडतो, विशेषतः पावसात. कठडा असलेला एक लोखंडी मचाण, ज्याच्या शेजारी गाडी लावून ताडपत्री सोडता-बांधता येईल, एवढ्याने हे थांबतं. हमालांचं काम ड्रायव्हरच्या गळ्यात टाकू नका. रात्रभर चालवून आलेल्या माणसाला पोती उचलायला लावून पुन्हा महामार्गावर सोडणं धोक्याचं आहे.

जागा नसलेल्या युनिटसाठी

मकरपुऱ्यातल्या छोट्या शेडला ३,००० चौरस मीटर कुठून येणार? तिथे पाच-सात युनिटांनी मिळून एक प्लॉट घ्यायचा, टोकन फोनवर द्यायचं आणि गाडी फक्त नंबर लागल्यावर शेडवर बोलवायची. खर्च गाड्यांच्या संख्येवर वाटा. जागेच्या चौरस मीटरवर वाटला की वर्षभरात भांडण होतं. तेही जमत नसेल तर महामार्गावरच्या पंपाशी किंवा ढाब्याशी महिन्याचा करार करा. काही पंपांवर तेल कंपन्यांची ‘अपना घर’ ही ड्रायव्हरांसाठीची निवासाची सोय आहे, ती आपल्या वाटेवर कुठे आहे ते वाहतूकदाराला आधी कळवा. शहर हद्दीत जड वाहनांच्या प्रवेशाच्या वेळा पोलिसांच्या चालू जाहीरनाम्यातून पाहून त्याप्रमाणेच बोलवा.

रोजची देखभाल

सफाई पहाटे साडेचारला, गर्दीच्या आधी. मग साडेआठला, दुपारी एकला, संध्याकाळी पाचला आणि रात्री नऊला. सहा-सात वाजता सफाई सुरू केली की संडास नेमके गर्दीत बंद. दाराच्या आतल्या बाजूला सहीचा कागद लावतात, पण तो एकाच वेळी भरला जातो. त्यापेक्षा पाळीच्या सुपरवायझरने दिवसातून एकदा तो संडास स्वतः वापरावा. याहून चांगली तपासणी नाही. भांडारात नेहमी शिल्लक ठेवा: दोन दाबाचे नळ, चार कड्या, दोन बादल्या, सहा दिवे, तुंबलेला पाइप मोकळा करायची तार. कडी तुटल्यावर खरेदीची फाईल तीन सह्या फिरते तोवर संडासाचं दार दोरीने बांधलेलं राहतं.

सुट्ट्यांचे दिवस

दिवाळीपासून लाभपाचमेपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत) इथले बरेच कारखाने बंद असतात, आणि उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, १४ व १५ जानेवारी दोन्ही दिवस. पण दोन हजार किलोमीटरवरून निघालेल्या गाडीला ते माहीत नसतं. ती धनत्रयोदशीच्या रात्री गेटला लागते आणि आठ दिवस तिथेच उभी राहते, कँटीन बंद, ढाबा बंद. माल पाठवणाऱ्यांना सुट्टीची यादी एक महिना आधी कळवा आणि शेवटच्या स्वीकृतीची तारीख लिहून द्या. तरीही गाड्या येतीलच. त्यासाठी एक डॉक आणि चार हमाल एका दिवसाआड अर्धा दिवस चालू ठेवता येतात का पाहा. ते शक्य नसेल तर संडासाची किल्ली, पाण्याचा पंप, चुलीची जागा आणि पार्किंगचे दिवे सुट्टीभर कुणाच्या ताब्यात आहेत त्याचं नाव आणि फोन गेटच्या बाहेरच्या बाजूला लावा. सुट्टीत पंपाचा मेन स्विच सुरक्षेसाठी बंद करायची पद्धत असते. या टाकीच्या पंपाचं कनेक्शन त्यातून वेगळं काढून घ्या.